शोभनाकाकूंची घाटवार्ता

नागपुरात वाढलेल्या शोभना बोकारे यांनी वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत बर्फ पाहिला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. तोही रंगीत. आज त्या एकोणसाठ वर्षांच्या आहेत, वॉशिंग्टन राज्यातल्या सीडर नॉच नावाच्या स्की रिसॉर्टवर नोकरी करतात आणि रोज पहाटे पाच वाजता हातात पट्टी घेऊन रात्रभरात किती बर्फ पडला ते मोजतात. स्की मात्र त्यांना येत नाही. दोन फळ्या पायाला बांधून डोंगरावरून स्वतःला ढकलून देण्यात शहाण्या माणसाला काय आनंद मिळतो हे त्यांना इतक्या वर्षांत समजलेलं नाही, आणि तसं त्या रिसॉर्टच्या मालकालाही तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या आहेत.

त्यांच्या कामाची सगळी सामग्री म्हणजे एक पांढरी रंगवलेली फळी, तिच्या मधोमध उभी केलेली आकडे लिहिलेली काठी, एक पट्टी, एक छोटा तराजू आणि डोक्याला लावायचा दिवा. संध्याकाळी चार वाजता फळी हातानं पुसून साफ करायची. पहाटे तिच्यावर जेवढा थर दिसेल तेवढा रात्रीचा बर्फ. मग त्यातला एक गोल तुकडा काढून तोलायचा, म्हणजे बर्फ किती पाणीदार आहे ते कळतं. साडेपाचला ऑफिसात जाऊन इंग्रजीत रेकॉर्डिंग करायचं: रात्रीत इतके इंच, वारा असा, आज हवा अशी, उद्या-परवा वादळ येतंय की नाही. लोक सकाळी उठून फोन लावतात आणि काकूंचा आवाज ऐकूनच गाडीत बसायचं की पांघरुणात राहायचं ते ठरवतात. सीझनभर काकू गुरुवार ते सोमवार डोंगरावरच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये राहतात आणि उरलेले दोन दिवस रेडमंडला घरी, रवींद्रकाकांना काय काय नीट करता आलं नाही ते बघायला.

हे काम त्यांच्याकडे कसं आलं ती गोष्ट काकू कुणालाही सांगतात, विचारलं नाही तरी सांगतात. नागपुरात त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. रवींद्रकाकांना सॉफ्टवेअरची नोकरी लागली म्हणून ९८ साली दोघं इकडे आली, आणि काकूंच्या व्हिसावर त्यांना काम करायची परवानगी नव्हती. दहा वर्षं. या दहा वर्षांत त्या मंडळाच्या गणपतीत शंभर माणसांचा मसालेभात करायला शिकल्या, गाडी चालवायला शिकल्या आणि मुलगा ईशान आठ वर्षांचा झाल्यावर दर शनिवारी शाळेच्या बसमधून त्याच्याबरोबर सीडर नॉचला जायला लागल्या. ईशान डोंगरावर, काकू खाली लॉजमध्ये खिडकीशी थर्मास घेऊन बसलेल्या. तिथं भिंतीवर हवामानाचा नकाशा लावलेला असायचा. एकदा तो लावणाऱ्यानं वाऱ्याचे बाण उलटे काढले. काकूंनी तीन शनिवार सहन केलं. चौथ्या शनिवारी उठल्या आणि जवळून चाललेल्या दाढीवाल्या माणसाला म्हणाल्या, हे चुकलंय.

तो दाढीवाला म्हणजे वॉल्ट, डोंगरावरच्या सगळ्या कारभाराचा प्रमुख. त्यानं नकाशा पाहिला, मान हलवली आणि विचारलं, "तुम्ही काय काम करायच्या?"

या देशात आल्यापासून 'तुमचे मिस्टर काय करतात' हे काकूंना किमान हजार लोकांनी विचारलं असेल. 'तुम्ही काय करायच्या' हे विचारणारा वॉल्ट पहिला. तो प्रश्न ऐकून आपल्याला लॉजमध्ये सगळ्यांसमोर रडू आलं, हेही काकू सांगतात. पुढे ग्रीन कार्ड आलं आणि त्याच हिवाळ्यात वॉल्टनं त्यांच्या हातात पट्टी दिली. स्वेटरवर लावायला स्वतःच्या नावाचा बिल्ला दिला. शिकवणी मात्र एका वाक्यात संपवली: जेवढं मोजलं तेवढंच सांगायचं. सतरा हिवाळे झाले. जाहिरातवाल्या पोरांनी कितीही गळ घातली तरी काकूंचे साडेआठ इंच कधी नऊ झाले नाहीत. वॉल्टचे उपकार त्या देवासमोर रोज बोलून दाखवतात. वॉल्टला हे माहीत नाही, आणि माहीत झालं तर तो कावराबावरा होईल.

घाटवार्ता ही या नोकरीची शाखा. रेडमंडच्या आसपासच्या मराठी लोकांमध्ये स्कीचं वेड पसरलं, तशी रोज कुणीतरी काकूंना फोन करून विचारायला लागलं. काकू, रस्ता कसा आहे? काकू, टायरला चेन लागतील का? शेवटी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुपच काढला आणि इंग्रजी रेकॉर्डिंग झालं की लगेच मराठीत एक व्हॉइस मेसेज टाकायला लागल्या. पर्वतातल्या त्या रस्त्याला इंग्रजीत पास म्हणतात. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याला घाट म्हटलं आणि आता रेडमंडची सगळी मराठी माणसं त्याला घाटच म्हणतात. बर्फाची जातवारीही काकूंची स्वतःची आहे. कोरडा, हलका असेल तर मैदा. ओला, जड असेल तर भिजवलेला रवा. गोल गोल दाणे पडले तर साबुदाणा. उन्हानं सुटा झालेला जुना बर्फ म्हणजे पिठीसाखर. नागपूर-पुण्याहून आलेल्या पोरांना इंग्रजी वर्णनं डोक्यावरून जातात, साबुदाणा लगेच कळतो.

मराठीत बोलताना काकू क्रियापदांना सुट्टी देतात. ही शाळेतली सवय, फळ्यावर मुद्दे लिहून देण्याची. 'आज ऊन. वारा नाही. रस्ता कोरडा.' लोकांना तेच आवडतं. इंग्रजीत बोलताना मात्र त्या जपून, पूर्ण वाक्यात बोलतात, वारासकट आणि तारखेसकट. परकी भाषा माणूस सांभाळून वापरतो, आपल्या भाषेत पाय पसरून बसतो. काकूंची चूक झाली ती अशी पाय पसरून बसण्यात.

फेब्रुवारीतला पहिला गुरुवार होता. डोंगरावर लख्ख ऊन, रात्रीत बर्फ शून्य. पण समुद्रावरून एक मोठं वादळ निघालं होतं आणि ते शनिवारी घाटावर आदळणार हे काकूंना नकाशावर स्पष्ट दिसत होतं. इंग्रजी रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी शनिवार, सात फेब्रुवारी असं दोनदा सांगितलं. मग मराठी मेसेज केला: "नमस्कार मंडळी. आज घाटात लख्ख ऊन, रस्ता कोरडा. जुना बर्फ, पिठीसाखर. परवा मोठं वादळ. वारा, दीड फूट रवा, घाट बंद."

शुक्रवारी त्यांचा घसा बसला. इंग्रजी रेकॉर्डिंग कसंबसं घोगऱ्या आवाजात पार पाडलं आणि मराठी मेसेज त्या दिवशी टाकलाच नाही. काल सांगितलंय की सगळं, असं मनाशी म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि पडून राहिल्या. शनिवारी पहाटेही इंग्रजी तेवढं झालं, मराठी नाही.

आता अनीशबद्दल. अनीश वासाडे सत्तावीस वर्षांचा, नागपूरचाच, रेडमंडच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. एकटा राहतो. मंडळाच्या दिवाळीत काकूंनी त्याला तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हापासून तो त्यांना आपली हक्काची काकू समजतो. त्याचे आईवडील, प्रतिमाताई आणि राजारामभाऊ, दोन महिन्यांसाठी आले होते आणि मंगळवारी परत जायचे होते. रेडमंडला दोन महिने पाऊसच पाऊस. बर्फ न बघता परत गेलो तर मोहल्ल्यात तोंड कसं दाखवायचं, असं राजारामभाऊंनी चार वेळा बोलून दाखवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी येताना अनीशनं गाडीत ग्रुपवरचा शेवटचा मेसेज लावला. काकू रोज मेसेज टाकतात, तेव्हा शेवटचा तो आजचाच, असं त्यानं धरलं. आणि ऐकलं: परवा मोठं वादळ.

शुक्रवारी ऐकलेला परवा म्हणजे एकतर बुधवार, जो होऊन गेला, नाहीतर रविवार, जो यायचा आहे. क्रियापद नसल्यामुळे दोन्हीपैकी कुठला ते कळायला मार्ग नव्हता, आणि अनीशला त्याची गरजही वाटली नाही, कारण दोन्ही अर्थांनी शनिवार मोकळा राहत होता.

शनिवारी सकाळी दहापासून सीडर नॉचवर बर्फ कोसळायला लागला. पावणेअकराला रस्तेवाल्यांनी घाट खालून बंद केला. वाऱ्यामुळे लिफ्ट थांबल्या, लॉज माणसांनी भरलं आणि वायफायनं मान टाकली. सव्वाअकराच्या सुमाराला ते परत आलं तेव्हा काकूंच्या फोनवर एकदम सतरा मेसेज पडले. त्यात एक फोटो होता. घाटाच्या पायथ्याच्या गॅस स्टेशनवर, निळ्या गाडीसमोर, राजारामभाऊ माकडटोपी घालून आणि प्रतिमाताई साडीवर अनीशचं जाकीट घालून उभ्या. खाली अनीशनं लिहिलं होतं, 'काकू, येतोय वर! आईबाबांना स्नो दाखवून लगेच रिटर्न. उद्याचं वादळ यायच्या आत.' वेळ होती दहा वाजून दोन मिनिटं.

'उद्याचं' हा शब्द काकूंनी पुन्हा वाचला. मग गुरुवारचा स्वतःचा मेसेज लावला, स्वतःचा आवाज ऐकला आणि त्यांना कळलं: गुरुवारचा परवा अनीशनं शुक्रवारी ऐकला होता.

अनीशचा फोन लागेना. पार्किंगवाल्या पोरांना रेडिओवरून विचारलं तर निळी गाडी आलेली नव्हती. काकू तशाच धावत वॉल्टच्या खोलीत गेल्या. तिथं वॉल्ट रस्त्याच्या ऑफिसशी रेडिओवर बोलत होता. बोलणं बारा वाजताच्या कामाबद्दल होतं. घाटात एका वळणावर रस्त्याच्या डोक्यावर कड्यावर बर्फ साचतो. तो आपोआप कोसळायच्या आधी, रस्ता रिकामा करून, स्फोट घडवून मुद्दाम खाली पाडतात. त्या वेळी त्या रस्त्यावर कुणी असेल तर तो वाचत नाही. रस्ता बंद केल्यावर एक गाडी खालून वरपर्यंत फिरून आली होती आणि तिनं रस्ता रिकामा असल्याचं कळवलं होतं.

"रिकामा नाही," काकू म्हणाल्या. "तिघं जण आहेत."

रेडिओवरच्या माणसाचं म्हणणं असं की तुमची ती निळी गाडी खालूनच परत गेली असेल. काकू म्हणाल्या, घाटात फोनला सिग्नल नाही, खाली आहे; परत गेला असता तर त्यानं कळवलं असतं. मग त्यांनी वर्गात गणित सोडवावं तसं सांगितलं. दहा वाजून दोन मिनिटांनी गॅस स्टेशन. दहा-वीसला घाटाचं गेट पार. दहा-तीसला घाटातल्या खालच्या कॅमेऱ्यात बर्फामुळे रस्ता दिसणं बंद झालं, मी स्वतः नोंद केली आहे. साधे टायर, नवखा ड्रायव्हर, म्हणजे फार तर पाच मैल. तिथं कुठंतरी कडेला घसरला असणार, आणि या बर्फात निळी गाडी वीस मिनिटांत पांढरी होते. शेजारून गेलं तरी दिसणार नाही.

"हे तुमच्या स्नो रिपोर्टरचं म्हणणं आहे?" पलीकडच्यानं वॉल्टला विचारलं.

"ही बाई न मोजता काही बोलत नाही," वॉल्ट म्हणाला. "पुन्हा बघून या. तोपर्यंत थांबा."

ते थांबले. बर्फ लोटणारा मोठा ट्रक घेऊन डॉरीन नावाची बाई वरून खाली निघाली. काकूंचा जीव आता दुसऱ्याच गोष्टीत अडकला. गाडी बर्फात रुतली की सायलेन्सर बुजतो, आणि आत माणसं हीटर लावून बसतात. आपण नागपूरची माणसं, थंडी वाजली की पहिलं काम हीटर. धूर आत येतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि माणसाला नुसती झोप लागते. त्यांनी अनीशला मेसेजवर मेसेज पाठवले, 'सायलेन्सर मोकळा ठेव, दर दहा मिनिटांनी खाली उतरून बर्फ काढ, खिडकी थोडी उघडी ठेव.' प्रत्येक मेसेजपुढे तो पोचला नसल्याची एकच टिकली उमटत राहिली. काकू त्या टिकलीकडे बघत वॉल्टच्या खोलीत उभ्या राहिल्या. कुणीतरी खुर्ची दिली, ती त्यांना दिसली नाही. देवाचं नाव घ्यावं तर तेही सुचेना. फक्त परवा हा शब्द डोक्यात फिरत होता आणि तो शब्द मराठीत केलाच कुणी असा राग येत होता.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी रेडिओवर डॉरीनचा आवाज आला. "तिघं सापडले. तिघंही बोलतायत. त्यातला एक तर फारच बोलतोय."

तो फार बोलणारा म्हणजे राजारामभाऊ. हा माणूस आयुष्यभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, हे काकूंना ठाऊकच नव्हतं. गाडी घसरून कडेच्या बर्फात घुसल्याबरोबर त्यांनी मुलाला बाजूला केलं होतं आणि कारभार हाती घेतला होता. दहा मिनिटं इंजिन, वीस मिनिटं बंद. इंजिन लावायच्या आधी प्रत्येक वेळी स्वतः उतरून जेवणाच्या डब्याच्या झाकणानं सायलेन्सर मोकळा करायचा. डॉरीनला गाडी दिसलीच नव्हती. पांढऱ्या ढिगाऱ्यामागून माकडटोपीतला एक माणूस उठून झाकण हलवतोय, एवढंच दिसलं होतं. मी तर अस्वल समजले, असं तिनं नंतर सांगितलं.

तिघांना लॉजमध्ये आणलं. काकूंनी स्टाफच्या स्वयंपाकघरात स्वतः आलं ठेचून चहा केला. डॉरीन दारातच उभी राहून एक कप प्यायली. तिला परत जायचं होतं. काकूंनी तिचे दोन्ही हात हातात धरले आणि धन्यवाद म्हणायला तोंड उघडलं, तर बसलेल्या घशातून आवाजच निघेना. डॉरीन म्हणाली, "राहू दे गं. तुझा आवाज मी रोज ऐकते. ड्यूटीवर निघायच्या आधी, सगळ्यात पहिला." आणि ट्रककडे गेली.

अनीश मान खाली घालून बसला होता. "सॉरी यार काकू," तो म्हणाला. "मीच फोरकास्ट चेक करायला पाहिजे होतं. आईबाबांना घेऊन निघालो आणि काहीच चेक केलं नाही. माझी मिस्टेक."

खोलीत काकूंखेरीज कुणालाच खरं काय झालं ते माहीत नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर ते प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण सतरा वर्षं खरा आकडा सांगण्याची सवय काही उगाच लागत नाही.

"तुझी नाही, माझी," त्या म्हणाल्या. "तो मेसेज गुरुवारचा होता. मी परवा म्हणाले. शनिवार म्हणायला हवं होतं. काल टाकला नाही, आजही टाकला नाही, घसा बसला म्हणून. तुम्ही तिघं आज माझ्या एका शब्दामुळे तिथं अडकलात."

राजारामभाऊंनी चहाचा घोट घेतला. "डेपोत आमच्याकडे नियम होता बाई," ते म्हणाले. "फळ्यावर वार आन् तारीख. परवा लिहिलं की साहेब तिथंच पुसायला लावायचा." आणि हसले. त्यांना एकूण सगळ्या प्रकाराची मजाच वाटत होती. मोहल्ल्यात सांगायला आता नुसता बर्फ नव्हता, अख्खं प्रकरण होतं.

प्रतिमाताई हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि काकूंकडे न बघता म्हणाल्या, "एकुलता एक आहे हो आमचा."

बास, एवढंच. ओरडल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाट उघडला तेव्हा तिघं खाली गेले. जाताना राजारामभाऊंनी वॉल्टबरोबर फोटो काढला. प्रतिमाताईंनी 'येते' म्हटलं आणि गाडीत बसल्या. मंगळवारी ते दोघं नागपूरला परतले.

काकूंनी ग्रुपवर लिहून टाकलं, झालं ते सगळं, काही न लपवता. शेवटी लिहिलं की यापुढे घाटवार्ता बंद, इंग्रजी रेकॉर्डिंग आहेच, ते ऐकावं. लोकांनी समजूत घातली. ग्रुपमधल्या अनुष्कानं फोन केला, चंद्रशेखर नावाचे एक गृहस्थ घरी येऊन बसले. रवींद्रकाका म्हणाले, "अगं, एका चुकीपायी सतरा वर्षं फुकट का घालवतेस?" काकूंनी कुणाचं ऐकलं नाही. इंग्रजीत त्या बर्फ मोजत राहिल्या. मराठीत गप्प.

तरी त्या आठ दिवसांत त्यांना सारखं वाटत होतं ते एकच, की आपण किती नशीबवान. पहाटे फळीवर वाकलं की डोळे भरून यायचे. वॉल्टनं रेडिओ खाली ठेवला नाही. तो पलीकडचा अनोळखी माणूस दहा मिनिटं कटकट करून का होईना, थांबला. एकदा तपासून झालेल्या रस्त्यावरून डॉरीन पुन्हा गेली. एका मेकॅनिकनं आयुष्यभर सायलेन्सर साफ केले. यातलं एक जरी नसतं तर. इथं त्यांचा विचार थांबायचा, आणि त्या मुकाट्यानं पट्टी टेकवून इंच वाचायच्या.

सोमवारी पहाटे सव्वापाचला त्या फळीपाशी असतानाच फोन वाजला. नागपूरचा नंबर. तिकडे संध्याकाळचे पावणेसात.

"शोभनाताई, मी प्रतिमा," पलीकडून आवाज आला. "उठवलं का?"

"नाही नाही. मी बाहेरच आहे. बर्फ मोजतेय."

"आठ दिवस झाले, तुमची वार्ता नाही. मी अनीशला म्हटलं मला त्या ग्रुपमध्ये घाल, त्यानं घातलं, पण त्यात काही येतच नाही."

"मी बंद केलं ते," काकू म्हणाल्या. "त्या दिवसानंतर."

"काहून?"

"प्रतिमाताई, तुमचा मुलगा माझ्या मेसेजमुळे..."

"ते मला माहीत आहे," प्रतिमाताई म्हणाल्या. "त्या दिवशी तुमचा राग आला होता मला. खोटं कशाला बोलू. विमानात बसेपर्यंत होता. मग विमानात एकटीच जागी होते आणि विचार करत होते. तुम्ही बोलल्या नसत्या तर आम्हाला कधी कळलंच नसतं. पोरगा सॉरी म्हणत होता, तुम्ही त्याला म्हणू दिलं असतं. तुम्ही नाही म्हणू दिलं. ताई, माझा मुलगा तिथं एकटा राहतो. तो मला फोनवर रोज सांगतो, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. बर्फ असो, ताप असो, ठीकच. मला खरं सांगणारं तिथं कुणीच नव्हतं. आता तुम्ही आहात. तर तुम्ही सकाळी बोलत जा. मला त्या मैद्यातलं न् रव्यातलं काही कळत नाही. पण घाट उघडा आहे की बंद, तेवढं तुमच्या तोंडून ऐकलं की मी जेवायला बसेन."

काकू बर्फात उभ्या होत्या, हातमोज्यात फोन, डोक्यावर दिवा, आणि सात समुद्रांपलीकडून एक बाई आपला एकुलता एक पोरगा रोज सकाळी त्यांच्या आवाजावर सोपवत होती. इतका मोठा विश्वास त्यांच्यावर आजवर कुणी टाकला नव्हता, आणि तो टाकायचं सगळ्यात कमी कारण हिलाच होतं.

"ठेवू नका फोन," त्या कशाबशा म्हणाल्या. "दोन मिनिटं थांबा."

त्यांनी फोन खिशात घातला, गुडघ्यावर बसल्या, पट्टी फळीला टेकवली आणि दिव्याच्या उजेडात आकडा वाचला. मग आणखी एकदा वाचला. उठून फोन पुन्हा कानाला लावला.

"प्रतिमाताई, ऐका," त्या म्हणाल्या. "आज सोमवार, सोळा फेब्रुवारी. रात्रीत साडेचार इंच बर्फ पडला आहे. आज वारा नाही. आज घाट उघडा आहे. उद्या, म्हणजे मंगळवारी, सतरा तारखेला, दुपारनंतर पुन्हा बर्फ पडणार आहे. मी अनीशला आत्ता फोन करून सांगणार आहे, की मंगळवारी निघू नकोस."

"बरं," प्रतिमाताई म्हणाल्या. "मग मी पानं घेते."